मैत्रीवर हिवाळा काढायला निघालेय, राहून आलेलं कुणी आहे का इथे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, सध्या पनवेलला भूचुंबकत्व संस्थेत प्रकल्पावर काम करते. येत्या अंटार्क्टिक मोहिमेत मैत्री केंद्राच्या हिवाळी संघासाठी माझं नाव गेलंय. दिल्लीला एम्समधल्या तपासण्या झाल्या, मानसिक चाचणीही झाली. आता औलीला आयटीबीपी या सीमा दलाकडे बर्फातलं प्रशिक्षण, आणि ते पार पडलं की गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून पुढचं बोलावणं. तिथे माझ्याकडे चुंबकीय वेधशाळा असणार: फ्लक्सगेट आणि प्रोटॉन ही चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रं, आणि कोन मोजायच्या थिओडोलाइटवर हाताने घ्यायची निरीक्षणं.

यंत्रांबद्दल सांगणारे ऑफिसात आहेत. मला बाकीचं विचारायचंय. उन्हाळ्यात जाऊन आलेले बरेच भेटले, पण पूर्ण हिवाळा काढलेलं कुणी आहे का इथे? उणे तीसमध्ये थिओडोलाइटचे बारीक स्क्रू फिरवतात कसे? यादीत नसलेलं काय सामान न्यावं? दोन महिने सूर्य नाही म्हणजे नेमकं काय होतं? नेटवर मिळतात ते सगळे ऑरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे, फोटो.

चहाबाज

अभिनंदन ताई! पेंग्विनबरोबर फोटो टाका बरं का इथे. आणि चहाची पावडर भरपूर न्या, तिथे कॉफीवाले लोक असतील.

चुंबकसुई

ताई, अभिनंदन. मी अलिबागचा. नोकरी सगळी चुंबकीय वेधशाळेत गेली, आता निवृत्त. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मैत्रीवर एक हिवाळा काढलाय, काम हेच होतं. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

पेंग्विनचं आधी निकालात काढतो. मैत्री समुद्रकाठी नाही. शिरमाकर ओअ‍ॅसिस म्हणून उघड्या खडकांचा एक पट्टा आहे, त्यात ते बसलंय. उत्तरेला शेल्फचा बर्फ, म्हणजे समुद्रावर तरंगणारा जाड थर, आणि त्याच्या कडेला समुद्र, तो शंभरेक किलोमीटरवर. दक्षिणेला खंडाचा बर्फ, तो थेट ध्रुवापर्यंत. इथे पेंग्विन दिसलाच तर वाट चुकलेला एखादा अ‍ॅडेली. स्कुआ पक्षी उन्हाळाभर तुमच्या डोक्यावर झेपा घेतात, पण हिवाळा लागला की तेही जातात. पेंग्विनच हवे असतील तर भारती केंद्र मागून घ्या. ते लार्समन टेकड्यांत अगदी पाण्याला लागून आहे, पण मैत्रीपासून तीन हजार किलोमीटर लांब.

आम्ही केपटाऊनहून जहाजाने गेलो. चाळीस अक्षांश ओलांडल्यापासून पुढचे काही दिवस जेवणाच्या टेबलावर माणसं मोजकीच असायची. तुम्ही बहुधा इल्युशिन-७६ विमानात बसून सहाएक तासांत रशियन नोवो केंद्राजवळच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतराल. सोय उत्तमच आहे. तरी मला वाटतं, जहाजाचा एक फायदा होता. ज्यांच्याबरोबर वर्ष काढायचं ती माणसं उलट्या करताना, पत्ते खेळताना, रुसताना आधीच बघून झालेली असायची.

उन्हाळा म्हणजे हमाली, हे डोक्यात ठेवून जा. तुम्ही शास्त्रज्ञ असा नाहीतर डॉक्टर. इंडिया बेला शेल्फच्या कडेला जहाज लागतं, वर्षाचं डिझेल आणि शिधा उतरतो, आणि पिस्टन बुली या बर्फावरच्या गाडीच्या मागे स्लेज जोडून त्याचा कॉन्व्हॉय मैत्रीपर्यंत आणायचा. त्या वाटेवरच आपलं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री होतं. १९८३-८४ मध्ये शेल्फच्या बर्फावर बांधलं आणि काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडलं गेलं. १९९० मध्ये ते राहण्यासाठी बंद केलं. तोवर १९८९ मध्ये मैत्री उभं राहिलं होतं, आणि या वेळी खडक बघून, खांबांवर. आता तेही म्हातारं झालंय, म्हणून मैत्री-२ बांधायचं ठरलंय.

थंडीचा फार बाऊ करू नका. हिवाळ्यात उणे तीस-पस्तीसपर्यंत जातं, पण कपडे चांगले मिळतात. उणे वीस आणि वारा पडलेला असला तर नुसत्या स्वेटरवर बाहेर उभे राहून विडी ओढणारे बघाल. सगळा खेळ वाऱ्याचा. ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, सुरू झालं की मुख्य इमारतीतून शेजारच्या झोपडीपर्यंतही दोर धरून जायचं, आणि तेही वॉकीटॉकीवर सांगून, रजिस्टरात नाव लिहून, जोडीने. 'दहा पावलांवर तर आहे' म्हणून एकटं निघायचं नाही. व्हाइटआऊटमध्ये स्वतःचे बूट दिसत नाहीत.

सामानातलं यादीबाहेरचं लिहून घ्या. चष्मा असेल तर टायटॅनियमची फ्रेम आत्ताच करून घ्या, कारण पुढे सांगतो. हवा इतकी कोरडी की बोटांच्या टोकांना नखाशेजारी उभ्या चिरा पडतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. स्क्रू फिरवायचा तो नेमका त्या टोकांनी. मी कोकमतेलाचे गोळे नेले होते. रात्री शेगडीवर जरा पातळ करून चिरांत भरायचं आणि वर सुती मोजे घालून झोपायचं. आमच्यातल्या पंजाबी मेकॅनिकने आधी नाक मुरडलं, पण ऑगस्टपर्यंत माझा निम्मा साठा त्याने संपवला. दुसरं, गोडा मसाला आणि आमसुलं. स्वयंपाकी फौजेचा असतो, हात चांगला, पण वर्षभर राजमा आणि छोले. ताज्या भाज्या संपल्या की फ्रोझन आणि डबाबंद. गॅली, म्हणजे स्वयंपाकघराची, ड्यूटी सगळ्यांना पाळीने लागते, लीडरसुद्धा सुटत नाही. तुमच्या पाळीला आमटी तुमच्या हातात.

आता सूर्य. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जातो तो जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत येतो. पण मैत्री ध्रुवावर नाही, ७० अंश ४५ मिनिटं दक्षिणेला आहे. त्यामुळे २१ जूनलासुद्धा भर दुपारी सूर्य क्षितिजाखाली चारच अंश असतो. आभाळ मोकळं असेल तर तासदोनतास बिनटॉर्चचं फिरता येतं, उत्तरेला तांबडंही दिसतं. चोवीस तास काळोख असं चित्र मनात घेऊन जाऊ नका. त्रास होतो तो झोपेचा. ती रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि एक दिवस तुम्ही पहाटे चारला टक्क जागे आणि दुपारी चारला गाढ झोपेत. यावर एकच उपाय मला लागू पडला: नाश्त्याच्या टेबलावर रोज ठरल्या वेळी हजर राहायचं, भूक असो-नसो.

२१ जूनला मिडविंटर. सगळ्या देशांच्या केंद्रांकडून शुभेच्छा येतात, मोठं जेवण होतं. लोक त्या दिवसाला घाबरतात, पण खरी मरगळ नंतरची. जूनपर्यंत सगळे मिडविंटरची वाट बघत असतात. तो झाला की पुढे बघण्यासारखं फक्त नोव्हेंबरातलं विमान. जुलै-ऑगस्टात माणसं चमच्यावरून भांडतात. त्या काळात ज्याच्याकडे रोजचं नेमून दिलेलं काम आहे तो तरतो. तुमच्याकडे ते आहे, आणि या बाबतीत तुम्ही डॉक्टरांपेक्षा नशीबवान. त्यांना बिचाऱ्यांना सगळे ठणठणीत असले की काहीच नसतं.

सरळरेघ

चांगली माहिती. पण एक प्रश्न, राग मानू नका. आता सगळे सेन्सर ऑटोमॅटिक आहेत, सॅटेलाइटवरून डेटा थेट पनवेलला येऊ शकतो. मग एका माणसाला वर्षभर तिथे ठेवून, त्याला खाऊपिऊ घालून, त्याच्यासाठी डिझेल जाळून काय साधतं? हा करदात्याचा पैसा आहे. परंपरा म्हणून चालू असेल तर वेगळं.

चुंबकसुई

राग कसला, हा प्रश्न मला मैत्रीवर प्लंबरनेही विचारला होता.

फ्लक्सगेट क्षेत्रातला चढउतार सेकंदासेकंदाला उत्तम टिपतं. पण 'आधीपेक्षा किती कमी-जास्त' एवढंच ते भरवशाने सांगतं. 'मुळात किती' हे त्याला ठाऊक नसतं. त्यातून ते तापमानाने सरकतं, ज्या खांबावर ठेवलंय तो खांब बर्फ गोठण्या-वितळण्याने केसभर कलतो. वर्षाअखेरीला आकडे बदललेले दिसले तर पृथ्वीचं क्षेत्र बदललं की खांब कलला, हे घरबसल्या सांगणार कोण? त्यासाठी माणूस लागतो. तो थिओडोलाइट घेऊन बसतो, दिशा आणि नतीचा (आडव्या पातळीशी क्षेत्र किती कलतं त्याचा) कोन थेट मोजतो, प्रोटॉन मॅग्नेटोमीटरवरून एकूण क्षेत्र घेतो आणि त्यावरून यंत्राची बेसलाइन, म्हणजे मूळ पातळी, ठरवतो. हे काम करणारी स्वयंचलित यंत्रं जगात बनलीयत, पण ब्लिझर्ड खाऊन वर्षभर बिनतक्रार चालेल असं यंत्र मी तरी बघितलेलं नाही.

निरीक्षण कसं घेतात ते सांगतो, ताईंच्याही उपयोगी पडेल. झोपडी लाकडाची, आत लोखंडाचा खिळासुद्धा नाही. जायच्या आधी खोलीत उभं राहून दोऱ्याला टांगलेला छोटा चुंबक अंगावरच्या सगळ्या कपड्यांवरून फिरवायचा. तो जिथे वळेल ती वस्तू काढायची. घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल हे सगळ्यांना सुचतं. जॅकेटची चेन, बुटाच्या तळातली पट्टी, चष्म्याची दांडी, केसातल्या पिना, कपड्यांच्या आतले हुक हे सुचत नाही, आणि खिशातली बॅटरी तर हमखास राहते. म्हणून टायटॅनियम.

मग चालत जायचं. आत पितळी-अ‍ॅल्युमिनियमचा थिओडोलाइट, त्याच्या दुर्बिणीवर फ्लक्सगेटची कांडी. आधी दूरच्या खुणेवर दुर्बीण लावायची, कारण उत्तर कुठे ते त्या खुणेवरून ठरतं. ब्लिझर्डमध्ये खूण दिसत नाही, तेव्हा निरीक्षण नाही. काळोखाच्या दिवसांत खुणेवर दिवा लावून ठेवायचा. खूण सापडली की दुर्बीण आडवी करून फिरवत न्यायची, मीटरचा आकडा शून्यावर येईपर्यंत. शून्यावर आलं की वर्तुळावरचा कोन वाचायचा. तो बारीक भिंगातून. तिथे श्वास सोडलात की भिंगावर लगेच बर्फाची साय, मग ती जायची वाट बघत बसा. त्यामुळे श्वास रोखून वाचायचं, मान वळवून सोडायचा. सेन्सर वर, सेन्सर खाली, पूर्वेला, पश्चिमेला: दिशेची चार वाचनं, मग नतीची चार, मग पुन्हा खूण. हातात सुती पातळ मोजे, आणि दर दोन वाचनांनी हात काखेत. आकडे पेन्सिलीने लिहायचे, पेनची शाई गोठते.

हे सगळं दिवसा उरकायचं. मैत्री ऑरोराच्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. शांत दिवशी पट्टा जरा दूर असतो, सौर वादळ आलं की डोक्यावर येतो. मध्यरात्रीच्या सुमाराला क्षेत्र काही मिनिटांत शेकडो नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्राचं एकक) उडतं. बाहेर हिरवे पडदे हलत असतात, बाकीचे लोक ट्रायपॉड घेऊन धावतात आणि तुम्ही मनात म्हणता, आजची रात्र शांत गेली असती तर बरं झालं असतं. ऑरोराच्या हौसेने आलेले लोक जूनपर्यंत त्याला कंटाळतात, हे बघितलंय मी. निरीक्षकाला मात्र त्याचा राग येतो, तो वर्षभर पुरतो.

उपयोग विचारलात. मैत्रीसकट अंटार्क्टिकावरच्या काही वेधशाळांच्या वर्षांनुवर्षांच्या आकड्यांवरून तिथलं एकूण क्षेत्र झपाट्याने कमी होतंय हे आपल्याच संस्थेतल्या लोकांनी दाखवलं. ते पृथ्वीच्या गाभ्यातल्या घडामोडींशी जोडलेलं आहे. बेसलाइन सांभाळली नसती तर ही घट आहे की खांबाचा कल, हे कळलं नसतं. आणि हे काम मुंबईला नवं नाही. १ आणि २ सप्टेंबर १८५९ चं ते प्रसिद्ध सौर वादळ आलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं रात्रंदिवस हाताने वाचनं घेत होती. क्षेत्राचा आडवा घटक सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद त्या वहीत आहे, आणि दीडशे वर्षांनी जगभरच्या शास्त्रज्ञांनी वादळाचा जोर तिच्यावरून काढला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. त्या करंटने कुलाब्याची वाचनं बिघडली असती, म्हणून १९०४ पासून अलिबागला वेधशाळा सुरू केली आणि दोनेक वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, मालिका सांधावी म्हणून. तेव्हाच्या करदात्यानेही विचारलं असेल, एका सुईसाठी दोन-दोन बंगले कशाला.

मांडवीपार

मी गोव्याची, सागरी जीवशास्त्रवाली. दक्षिणेला नाही गेले, पण उत्तरेला आपल्या हिमाद्री केंद्रावर एक उन्हाळा राहिलेय, म्हणून थोडी भर घालते. लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

हिमाद्री नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंडला आहे, जवळजवळ ७९ अंश उत्तर, २००८ पासून. म्हणजे ध्रुवाच्या हिशेबात मैत्रीपेक्षा कितीतरी जवळ, पण राहायला दहापट सोपं. ते चक्क गाव आहे. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयरब्येन, तिथून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता. आपली इमारत भाड्याची, शेजारी जर्मन, फ्रेंच, चिनी, कोरियन, आणि सगळ्या देशांचं जेवण एकाच मेसमध्ये. दारात बूट काढायचे, ही खाणकामगारांच्या दिवसांतली रीत. आधी ते कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद पडली.

तिथे वायफाय आणि ब्लूटूथ बंद. गावात रेडिओ दुर्बीण आहे, तिला त्रास होतो म्हणून. फोन एअरप्लेन मोडवर. जेवताना सगळे एकमेकांशी बोलतात, हे मी कित्येक वर्षांनी बघितलं! आणि चुंबकसुई काकांच्या ब्लिझर्डच्या जागी आमच्याकडे अस्वल. वस्तीबाहेर नमुने घ्यायला जायचं तर बरोबर रायफल आणि फ्लेअर पिस्तूल, त्यासाठी आधी नेमबाजीचं प्रशिक्षण. घरांना कुलपं लावत नाहीत, अस्वल दिसलं तर कुणालाही कुठल्याही दारात शिरता यावं म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरली ती प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) बाटल्या भरायला जाताना.

माझं काम काँग्सफ्योर्ड या समुद्राच्या खाडीत होतं. होडीतून जाळं सोडायचं, पाणी गाळायचं. हिमनदीच्या तोंडाशी पाणी गढूळ तांबूस, कारण बर्फाबरोबर माती येते, आणि तिथे उजेड खाली पोचत नाही म्हणून प्लवक कमी. फ्योर्डच्या तोंडाकडून मात्र अटलांटिकचं कोमट पाणी आत घुसतं. २००६ च्या सुमारापासून हा फ्योर्ड हिवाळ्यात पूर्वीसारखा गोठत नाही. आपली इंडआर्क नावाची यंत्रसाखळी २०१४ पासून याच पाण्यात बुडवून ठेवलीय, तापमान आणि क्षारता मोजत. २०२३ च्या डिसेंबरपासून आपले लोक तिथे हिवाळ्यातही राहायला लागलेत.

ताई, काकांच्या पेन्सिलीला माझा दुजोरा. बाटल्यांवरची लेबलं पण पेन्सिलीनेच.

कृष्णाकाठची

काका, मांडवीपार, खूप खूप आभार. श्वास रोखून वाचायचं आणि पिनांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. फ्रेमची ऑर्डर आज दिली.

आता घरचं. आईने वर्षभराच्या नावाने तुळशीचं रोप कुंडीत तयार करून ठेवलंय, बाबा म्हणतात पेणहून शाडूची छोटी मूर्ती आणतो, गणपती चुकायला नको. आणि आईचा सारखा एकच प्रश्न, मध्येच पोटबिट दुखलं तर? शिवाय संघात मी बहुतेक एकटी बाई असेन. तिला नेमकं काय सांगू?

चुंबकसुई

तुळस राहू दे. झाड, बी, कुंडीतली माती, काहीच नेता येत नाही. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण कराराचा नियम आहे, १९९८ पासून लागू. आता आपला स्वतःचा २०२२ चा कायदाही आहे. कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत सगळ्या देशांनी तिथून परत नेले. जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली गवताची कुसळंही निघण्याआधी उपटून काढायची असतात. शाडूचंही त्याच मातीच्या नियमात अडेल, बाबांना सांगा. थर्माकोलचे मखरही विसरा, पॅकिंगच्या थर्माकोल दाण्यांना तिथे बंदी. आमच्या वेळी सुताराने खोक्याच्या फळीतून गणपती कोरला, सोंड जरा जाड झाली. आरतीला टाळ म्हणून ताटं. निरांजन मात्र लीडरने स्वतः समोर उभं राहून लावू दिलं, हातात अग्निशामक नळकांडं घेऊन. हसू नका, तिथे आगीएवढी भीती कशालाच नाही. सगळं कोरडंठाक, वारा अखंड, आणि घर जळलं तर दुसरं घर नाही. विसर्जनाला प्रियदर्शिनी तलाव दिसतो समोर, पण प्यायचं पाणी त्यातूनच येतं. आमच्या गणपतीला बादलीतल्या पाण्याचे चार शिंतोडे दिले आणि तो खोलीतल्या फडताळावर बसला. पुढच्या संघाला दिला.

आगीबरोबर आणखी एक. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, जनरेटर चालू असेल तर हवेला वाट ठेवायचीच. १९९० च्या जानेवारीत हंबोल्ट पर्वतांच्या भागात आपले चार जण तंबूत वायूने गुदमरून गेले. औलीला हे सांगतीलच, पण माझ्याकडूनही ऐका.

बाई म्हणून तुम्ही पहिल्या नाही. नागपूरच्या अदिती पंत आणि त्यांच्याबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या मोहिमेत गेल्या, दक्षिण गंगोत्री उभं राहिलं तीच मोहीम. डॉ. कंवल विल्कू यांनी २००० साली मैत्रीवर हिवाळा काढला, हिवाळी संघातल्या त्या पहिल्या भारतीय बाई. आणि इस्रोच्या मंगला मणी भारतीवर ४०३ दिवस राहिल्या, वय छप्पन्न, तेवीस जणांच्या संघात एकट्या. आईंना हे शेवटचं नाव सांगा. छप्पन्न ऐकलं की त्या वयाच्या बायकांना धीर येतो, आमच्या हिला आला होता.

पोटदुखीचं. हिवाळी संघाबरोबर डॉक्टर असतात, ऑपरेशनची सोय असते. एम्सवाले एवढं तपासून पाठवतात तेही त्याचसाठी. शेजारी नोवोलाझारेव्स्काया, चार-पाच किलोमीटरवर, तिथेही रशियन डॉक्टर. त्या केंद्राचा पहिलाच हिवाळा, ३० एप्रिल १९६१. तेरा जणांत डॉक्टर एकच, लिओनिद रोगोझोव्ह, वय सत्तावीस, आणि अपेंडिक्स दुखू लागलं ते त्याचंच. त्याने जागा बधिर करून, अर्धवट टेकून बसून स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. एकाने आरसा धरला, एकाने हत्यारं दिली. पावणेदोन तास लागले, दोन आठवड्यांनी तो कामावर. ही गोष्ट आईंना सांगू नका. आल्यावर सांगा.

फोनचं आता बरं आहे, उपग्रहावरून रोज बोलता येतं. एक सल्ला देतो, पटला तर घ्या: रोज करू नका. ठरलेला वार, ठरलेली वेळ. रोज फोन करणारे आमच्यानंतरच्या संघातले लोक सांगतात की घरचा गॅस संपलाय, सोसायटीची मोटर जळलीय, हे सगळं त्यांच्या डोक्यात, आणि हातात काहीच नाही. शिवाय ब्लिझर्डमध्ये एखादा दिवस लिंक गेली तर घरचे हवालदिल.

औलीहून आलात की अलिबागला या. वेधशाळा समुद्राला लागूनच आहे. मी आगाऊ बोलून परवानगीचं बघतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात हातमोजे घालून आठही वाचनं घेऊन बघू, घाम गाळत. घड्याळ लावून घेऊ, मैत्रीवर अर्ध्या तासाच्या वर हात टिकत नाहीत. येताना ती नवी फ्रेम घेऊन या, दोऱ्याच्या चुंबकाखाली धरून बघू, दुकानदार टायटॅनियम म्हणतात आणि स्क्रू स्टीलचे लावतात. फक्त शनिवार-रविवार टाळा, वडखळला अडकाल.